वर्गणी मागण्याआधी प्रश्न: गाडगेबाबांच्या कीर्तनाकडे संशोधक म्हणून कसं बघायचं?



आज सुरुवात माझ्या फजितीपासून करते. अकोल्यात एका लहान संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी मी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं. विषय होता, संस्थेसाठी निधी कसा उभारायचा. चाळीस स्लाइड्स, तक्ते, देणगीदारांचे प्रकार, सगळं तयार होतं. जेवणानंतर निम्मे लोक पेंगत होते. निघताना एक वयस्क कार्यकर्त्या म्हणाल्या, "ताई, तुमी सांगतलं त लय, पण आमाले काई इचारलंच नाई."

हे वाक्य मला परतीच्या गाडीत छळत राहिलं. मूर्तिजापूर आलं तेव्हा लक्षात आलं की याच तालुक्यातल्या दापुरीत, मामाच्या घरी, एक मुलगा वाढला होता. त्याने पुढे आयुष्यभर विचारण्याचंच काम केलं. ते म्हणजे गाडगेबाबा. आपल्या अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून आपण त्यांना ओळखतो असं आपल्याला वाटतं. पण संशोधनाचा विषय म्हणून आपण त्यांच्याकडे क्वचितच बघतो.

आधी माहीत असलेल्या गोष्टी मांडू. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला घाटाचं काम केलं. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं.

आता पहिला प्रश्न. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं असलेल्या माणसाच्या शब्दावर एवढ्या इमारती उभ्या कशा राहिल्या? 'ते संत होते, लोकांची श्रद्धा होती' हे उत्तर खोटं नाही, पण त्याने संशोधन तिथेच थांबतं. श्रद्धा इतरही अनेकांवर होती. म्हणून आपण पद्धत बघू.

मला त्यात तीन टप्पे दिसतात. एक, गावात आल्यावर आधी झाडू. दिवसा गाव झाडायचं, संध्याकाळी कीर्तन. म्हणजे मागणारा माणूस आधी काहीतरी देऊन बसलेला असे. दोन, कीर्तनात प्रश्न. कर्ज काढून लग्न करावं का? दारूने कोणाचं भलं झालं? नवसाला बोकड कापून देव पावतो का? माणूस माणसाला शिवला तर काय बाटतं? उत्तर श्रोत्यांनीच द्यायचं, तेही मोठ्याने, शेजारच्यासमोर. तीन, उभं राहिलेलं स्वतःच्या नावावर ठेवायचं नाही, विश्वस्तांच्या हाती द्यायचं.

यातला दुसरा टप्पा मला कळीचा वाटतो. सगळ्या गावासमोर 'पोराला शिकवलं पाहिजे' असं स्वतःच्या तोंडाने म्हटलेला माणूस शाळेसाठी वर्गणी देतो, तेव्हा तो बाबांना दान देत नसतो. तो स्वतःचाच शब्द पाळत असतो. सहभाग म्हणजे सभेत मजा यावी म्हणून घेतलेला खेळ नव्हे. सहभागाने देण्याचं कारण देणाऱ्याच्या मालकीचं होतं.

पण थांबा. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. संशोधनाचं खरं काम इथून सुरू होतं. तीन सावधगिरी सांगते.

पहिली, साधनांची. प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर यांनी लिहिलेली चरित्रं जरूर वाचा. पण चरित्रात बाबा बोलतात आणि श्रोते बहुतेक वेळा 'जनसमुदाय' होऊन बसतात. आपल्याला तर श्रोतेच ऐकायचे आहेत! सुदैवाने बाबांच्या अखेरच्या दिवसांतल्या एका कीर्तनाचं, नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं, ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना बाबांचे शब्द उतरवून घेऊ नका. लोक कुठे उत्तर देतात, कुठे हसतात, कुठे गप्प होतात, ते टिपा.

दुसरी, पुराव्याच्या मर्यादेची. एखाद्या धर्मशाळेच्या रकमेत श्रोत्यांचे किती आणि व्यापाऱ्यांचे किती, हे कीर्तनावरून कळणार नाही. त्यासाठी पावती पुस्तकं, हिशेबाच्या वह्या, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली न्यासाची नोंद शोधावी लागते. आणि लक्षात ठेवा, वऱ्हाड आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात होता. त्यामुळे कागद अमरावतीत मिळाले नाहीत तर हताश होऊ नका, नागपूर आणि मुंबईही बघा.

तिसरी, कालविपर्यासाची. आज सहभागी प्रशिक्षणाची चर्चा ब्राझीलच्या पाउलो फ्रेरीपाशी सुरू होते. शिकणाऱ्याला रिकामं भांडं समजू नका, त्याच्याशी संवाद करा, हे त्यांचं म्हणणं १९६८ च्या सुमाराच्या पुस्तकातलं. मग 'आमचे बाबा फ्रेरीच्या आधीच!' असं लिहायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण बाबांची परंपरा कीर्तनाची, श्रोते वारीचे आणि जत्रेचे. दोघांची तुलना करा, पण एकाला दुसऱ्याचा पूर्वज ठरवू नका.

आता बघा, विषय कसा बदलला. आधी माझा प्रश्न होता, 'वऱ्हाडातल्या संस्थांनी किती निधी जमवला?' आता तो आहे, 'निधी मागताना कोण कोणाला काय विचारत होतं, आणि त्यामुळे देणाऱ्याचं स्थान बदललं का?' हाच प्रश्न १९३२ मध्ये अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेलाही विचारता येईल. तिथे साधनं वेगळी असतील, अहवाल आणि सभांची इतिवृत्तं. प्रश्न मात्र तोच.

त्याच संस्थेत मी पुन्हा गेले, या वेळी स्लाइड्सशिवाय. एकच प्रश्न विचारला: तुम्ही स्वतः शेवटची वर्गणी कोणाला दिली, आणि का दिली? दोन तास कोणी घड्याळ बघितलं नाही. 'त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं,' 'हिशेब फळ्यावर लिहिला होता,' 'मागणारा आमच्या मयतीला आला होता.' पत्रक छान होतं म्हणून दिली, असं एकही जण म्हणाला नाही. फळ्यावर जमलेली ही कारणं माझ्या चाळीस स्लाइड्सपेक्षा त्यांच्या जास्त कामाची होती.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयातला सर्वांत गप्प माणूस कोण, ते शोधा आणि त्याला विचारता येतील असे तीन प्रश्न कागदावर लिहा. मार्गदर्शकांकडे जाल तेव्हा आराखड्याआधी तो कागद पुढे ठेवा.