भारतीय बचाव

बुद्धिबळातील काळ्या मोहऱ्यांच्या एका प्रारंभसमूहाचे नाव. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविल्यावर काळा राजाकडील घोडा बाहेर काढतो. नंतर बहुधा एखाद्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून मोकळ्या झालेल्या घरात उंट ठेवतो. पटाचा मध्य प्रथम प्याद्यांनी न व्यापता त्यावर दुरून दाब आणणे, हे या बचावाचे तत्त्व होय.

या नावाचा संबंध एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याशी आहे. स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) व बंगाली खेळाडू मोहेशचंद्र बॅनर्जी हे १८४८ पासून तेथे शेकडो डाव खेळले. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही सामान्यतः एकच घर चाले. त्यामुळे कडेने उंट बाहेर काढण्याची रचना भारतीय खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. यूरोपीय नियमांनी खेळतानाही मोहेशचंद्रांनी ती सोडली नाही.

मे १८५५ मधील त्यांचा एक डाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. काळी मोहरी घेऊन त्यांनी तिसऱ्या खेळीस वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविले. पांढऱ्यास मध्यभागी प्यादी उभारू देऊन आठव्या खेळीस उंटापुढील प्याद्याने त्यांवर हल्ला केला. प्रारंभी काळ्याची स्थिती समाधानकारक होती. सतराव्या खेळीस मात्र राजावरील हल्ल्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी पांढऱ्याचा उंट मारला. पुढच्याच खेळीनंतर वजिराचे बलिदान करून घोड्याने मात देण्याचा मार्ग कॉक्रेन यांना मोकळा झाला. हा पराभव मधल्या डावातील चुकीचा होता, प्रारंभाचा नव्हता. परंतु तत्कालीन यूरोपात मध्य प्याद्यांनी व्यापणे हाच आदर्श असल्याने या रचनेस प्रतिष्ठा लाभली नाही.

ती १९२० नंतरच्या दशकात लाभली. ऑस्ट्रियन खेळाडू अर्न्स्ट ग्रूनफेल्ट (१८९३–१९६२) याने १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे याच प्रारंभाने पुढे जगज्जेता झालेल्या अल्येखिनचा पराभव केला. १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डॉनल्ड बर्नविरुद्ध मिळविलेला प्रसिद्ध विजयही याच प्रकारचा आहे. या प्रारंभास ग्रूनफेल्टचे नाव मिळाले. मोहेशचंद्रांच्या परंपरेची खूण ‘भारतीय बचाव’ या समूहनामातच तेवढी उरली.