तार आली!

मंडळी, १५ जुलै २०१३ पासून आपल्याकडची तारसेवा बंद झाली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन १८५० ची. सामान्यांसाठी तार खुली झाली १८५५ साली. (शाळेतल्या बाई सनावळीशिवाय बोलणार कशा!) शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर तुटक. तारवाला दिसला की घरात आधी रडारड, वाचन नंतर.

वडील गेले तेव्हा मला तार आली, 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. 'गेले' असे पुष्कळजण लिहीतच नसत. एसटीत रात्रभर मी नवस बोलत होते. तो खोटा शब्द भावाने माझ्यासाठी निवडला होता, हे अंगणातली गर्दी पाहून कळले.

परवा मावसबहीण गेल्याचे व्हॉट्सॲपवर आले, फोटोसकट. मी मेथी निवडत होते. जुडी तशीच राहिली.