ब्रॅडफर्डची न्याहारी

मूल दहाबारा वर्षांचे झाले, की घरोघर पानावर एक नवा कलह उभा राहतो. काल-परवापर्यंत आई वाढील ते निमूटपणे जेवणारा मुलगा आज पालेभाजी पाहताच ताट सरकवितो, आणि आपण वडील मंडळी अन्नाच्या गुणदोषांवर प्रवचन आरंभितो. त्या प्रवचनाचे फळ काय मिळते, हे वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांसही ते स्वानुभवाने कळून चुकले आहे. म्हणूनच १९०७ साली एका इंग्रज शहरात प्रवचनाशिवाय जे घडले, ते आम्हांस मोठे मननीय वाटते.

ब्रॅडफर्ड हे यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथील बारा वर्षांवरील पुष्कळ मुले त्या काळी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढीत. उपाशी मुलास शिकविणे व्यर्थ आहे, हे मार्गारेट मॅकमिलन या बाईंनी १८९४ पासून तेथील शाळामंडळात बसून सांगितले. पुढे फ्रेड जोवेट यांनी तीच गोष्ट पार्लमेंटात मांडली. १९०६ च्या अखेरीस शाळांतील मुलांच्या जेवणाचा कायदा झाला. सरकारने जेवू घातले तर आईबाप आपले कर्तव्य विसरतील, अशी ओरड व्हावयाची ती झालीच.

वादापेक्षा प्रत्यक्ष पाहावे, म्हणून शाळांचे वैद्य डॉ. राल्फ क्रौली आणि पाकशिक्षणाच्या पर्यवेक्षिका मरियन कफ यांनी गरीब घरची चाळीस मुले निवडून एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांस न्याहारी व दुपारचे जेवण दिले. न्याहारीस ओटची लापशी, दूध व पाव. पहिल्या दिवशी तेरा मुलांनी लापशीस हात लावला नाही! भुकेल्या मुलांनी अन्न नाकारावे, याचे नवल वाटते खरे. पण त्यांची जीभ चहा-पावाला सरावलेली होती, आणि अनोळखी पदार्थाचा संशय भुकेपेक्षाही बळकट असतो. आपल्याकडे शहरात वाढलेल्या मुलापुढे नाचणीची आंबील ठेवून पाहावी, म्हणजे खात्री पटेल. दुसऱ्या दिवशी नाकारणारी दोनच उरली. त्यानंतर सर्वांनी ती आवडीने खाल्ली.

हे कशाने झाले? अहवालात धाकदपटशाचे नाव नाही. टेबलांवर स्वच्छ चादरी अंथरीत, मधोमध फुले ठेवीत, आणि वाढण्याचे काम शाळेतील मोठ्या मुलींकडे सोपवीत. आमच्या मते सारी मख्खी या शेवटच्या गोष्टीत आहे. जिच्या हाती पळी, ती नाक कशी मुरडील? आणि आपल्याच शाळेतील ताई वाढीत असता शेजारचा सोबती चाटूनपुसून खातो, हे पाहिल्यावर धाकटा तरी किती वेळ रुसून बसेल? आपल्या घरांत मात्र चौदा वर्षांच्या मुलास ‘काय हवे’ एवढेच विचारतात. भाजी निवडावयास त्यास कोणी बसवीत नाही, आणि मुलगा असेल तर नाहीच नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराने ग्रीन लेन शाळेत आपले स्वयंपाकघर उघडले. तेथील मुख्याध्यापक जोनाथन प्रीस्टली हे पुढे नामांकित झालेल्या जे. बी. प्रीस्टली या लेखकाचे वडील.

अहवालातील एक नोंद मात्र वाचताना मन खिन्न होते. क्रौली मुलांची वजने नियमाने घेत. ती चढत असता मध्येच व्हिट्सन सणाची सुट्टी आली, जेवण बंद पडले, आणि वजने उतरली. लापशीची गोडी लागलेली तीच मुले घरी होती. तिची चव आता त्यांस ठाऊक होती, पण घरच्या चुलीवर ती शिजत नव्हती.