सेलेबीसचा सुळेवाला वराह

विदिशेजवळच्या उदयगिरीचा महावराह, त्या बाजूस बदली होऊन गेलेल्या आमच्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. त्याच्या सुळ्याला धरून पृथ्वी लोंबते. आज ज्या वराहाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याच्या सुळ्यांवर एवढा भार नव्हता. एका दीर्घ वादाचा भार मात्र पुढे त्यांवर पडला.

१९४७ साली व्हॅन हेकरेन हे डच पुरातत्त्वज्ञ दक्षिण सेलेबीसमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर, वालानाए नदीच्या खोऱ्यात हिंडत होते. गृहस्थ मोठा चिवट. महायुद्धात जपान्यांचा कैदी म्हणून ब्रह्मदेश-सयामच्या रेल्वेवर राबत असतानाही त्यांनी तेथील अश्मयुगीन हत्यारे वेचली होती! चाबेंगे गावाजवळ त्यांना दगडी हत्यारे व अश्मीभूत हाडे एकाच भूपृष्ठावर विखुरलेली दिसली. हाडे लायडनच्या होयर यांनी तपासली आणि वरच्या जबड्यात प्रचंड सुळे असलेल्या एका अज्ञात, दांडग्या डुकराला १९४८ साली 'सेलेबोकेरस हेकरेनी' असे नाव दिले. त्याचे सोबती म्हणजे एक ठेंगणा हत्ती आणि एक महाकाय कासव. हे कासव आपल्या शिवालिक टेकड्यांतील महाकूर्माच्या गोतावळ्यातले. तो महाकूर्म जगापुढे आणणाऱ्या दोघांपैकी कॉटले हे गंगेच्या कालव्याचे अभियंते होते. सरकारी नोकरीत असे छंद जोपासता येतात, हे आम्ही केवळ जाता जाता नमूद करतो.

हत्यारे व हाडे एकत्र सापडली, तेव्हा माणूस व हा वराह समकालीन असावेत, असे हेकरेन यांना वाटले. तर्क मोहक होता. पण भूपृष्ठावरचा शेजार हा पुरावा नव्हे. पुढे बार्टस्ट्रा यांनी नदीकाठचे थर तपासून दाखविले की, हत्यारे नंतरच्या काळातील असून हाडे त्यांहून पुष्कळ जुनी आहेत. हेकरेन यांचा पक्ष पडला, आणि तो न्याय्य रीतीनेच पडला, असे आमचे मत आहे.

तथापि २०१६ साली त्याच खोऱ्यातील तालेपू येथील उत्खननाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या खेपेस हत्यारे खोल, अबाधित थरांत होती. त्यांचे वय किमान १,१८,००० वर्षे ठरले, आणि त्याच थरांत सेलेबोकेरसचे अवशेषही निघाले. म्हणजे हेकरेन यांचा पुरावा लटका निघाला, तरी निष्कर्ष खोटा नव्हता. २०२५ साली तर जवळच्याच कालिओ येथील हत्यारे किमान १०,४०,००० वर्षांपूर्वीची असल्याचे जाहीर झाले. ती कोणत्या जातीच्या मानवाने घडविली हे सांगणारे एकही हाड तेथे मिळालेले नाही.

सुलावेसीच्याच लेआंग तेदोंगे गुहेत किमान ४५,५०० वर्षांपूर्वी कोणी एका चित्रकाराने डुकराचे चित्र रेखाटले. ते मात्र तेथे आजही चरणाऱ्या चामखिळी रानडुकराचे आहे.