लॉस्ट फोम कास्टिंग: बीड आणि पोलादाच्या कास्टिंगची गुणवत्ता कशी सुधारायची?

कास्टिंग बाहेरून एकदम छान दिसतं. शॉट ब्लास्टिंग झालं, मापही बरोबर आलं. मग मशीनवर पहिला कट घेतला आणि आत भोकं निघाली, किंवा वरच्या भागात सुरकुतीसारखी काळी रेघ दिसली. तोपर्यंत धातू, वीज, मजुरी आणि मशीनचा वेळ असं सगळं खर्ची पडलेलं असतं. अशा वेळी दोष धातूला किंवा वाळूला दिला जातो. पण लॉस्ट फोममध्ये पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा: आतला फोम गेला कुठे?

लॉस्ट फोम कास्टिंग म्हणजे काय?

नेहमीच्या ओतकामात पॅटर्नवर वाळू ठोकतात, पॅटर्न काढून घेतात आणि रिकाम्या जागेत धातू ओततात. इथे पॅटर्न काढायचाच नसतो. तो थर्मोकोलचा, म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचा असतो. तापलेला रस आला की फोम जळून-विरून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. या कल्पनेचं पेटंट हॅरॉल्ड श्रॉयर यांना अमेरिकेत १९५८ साली मिळालं.

कामाचा क्रम साधारण असा:

१. पॉलिस्टायरीनचे दाणे फुगवून, डायमध्ये वाफ देऊन पॅटर्न बनवतात.
२. पॅटर्न आणि गेटिंगचे तुकडे चिकटवून एक झुपका, म्हणजे क्लस्टर तयार करतात.
३. क्लस्टर रिफ्रॅक्टरी कोटिंगच्या घोळात बुडवून वाळवतात.
४. पेटीत ठेवून भोवती कोरडी, सुटी वाळू भरतात आणि व्हायब्रेशनने ती घट्ट बसवतात.
५. फोम आत असतानाच धातू ओततात.

पार्टिंग लाइन नाही, बहुतेक वेळा कोअर नाही आणि बाइंडर नसल्यामुळे वाळू पुन्हा वापरता येते. फायदे मोठे आहेत, पण फोमचा हिशेब चुकला तर तेच काम महागात पडतं.

बीड आणि पोलाद: फोम एक, त्रास दोन

पॉलिस्टायरीनच्या वजनात सुमारे ९२ टक्के कार्बन असतो. बीड साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओततात, पोलाद त्याहून बरंच वर. इतक्या उष्णतेत फोमचा वायू आणि काजळी होते. वायूने कोटिंगमधून वाळूत निघून जावं, अशी अपेक्षा असते.

बिडात आधीच ३ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो, त्यामुळे नवा कार्बन त्यात सहज विरघळत नाही. तो चकचकीत पापुद्रा होऊन धातूच्या तोंडाशी तरंगतो. रसाचे दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे हा पापुद्रा मधे अडकतो आणि सुरकुती पडते. म्हणून हा दोष वरच्या आणि शेवटी भरणाऱ्या भागात जास्त दिसतो.

पोलादाचं उलट आहे. तिथे कार्बन विरघळतो, डोळ्यांना दिसत नाही, पण रासायनिक घटक बदलतो. साधा हिशेब करू. १ लिटर आकारमानाच्या पोलादी कास्टिंगचं वजन सुमारे ७.८ किलो. फोमची घनता २० किलो प्रति घनमीटर धरली, तर पॅटर्न २० ग्रॅमचा आणि त्यात कार्बन सुमारे १८ ग्रॅम. तो सगळा धातूत गेला तर कार्बन साधारण ०.२४ टक्क्यांनी वाढेल. प्रत्यक्षात बराचसा बाहेर जातो. पण ज्या स्टेनलेस ग्रेडला कार्बनची मर्यादाच ०.०३ टक्के आहे, तिथे दहावा भाग राहिला तरी काम बिघडतं.

पॅटर्नपासून सुरुवात करा

फोम जितका हलका, तितका कमी कचरा. पण फार हलका पॅटर्न हाताळताना दबतो आणि व्हायब्रेशनमध्ये वाकतो. ताजा पॅटर्न काही दिवस आकसत राहतो आणि त्यात ओलही असते. म्हणून प्रत्येक पॅटर्नचं वजन करा. वजन स्थिर झाल्याशिवाय कोटिंगला देऊ नका. गोंद कमीत कमी लावा, कारण तो फोमपेक्षा घट्ट असतो आणि जागच्या जागी जास्त वायू सोडतो.

कार्बनचा त्रास मोठा असेल तर पीएमएमए किंवा स्टायरीनबरोबरचा त्याचा कोपॉलिमर वापरतात. पीएमएमएमध्ये कार्बन सुमारे ६० टक्के आहे आणि काजळी कमी होते. मात्र त्याचा वायू एकदम सुटतो आणि रस उलटा उसळू शकतो. फारच कमी कार्बनच्या पोलादासाठी सिरॅमिक कवच चढवून फोम आधीच जाळून टाकायचा आणि मग ओतायचं, हा मार्ग जास्त खात्रीचा.

कोटिंग म्हणजे वायूची चाळणी

कोटिंगमधून वायू किती वेगाने जातो, यावरच रस किती वेगाने चढणार ते ठरतं. चाळणी फार बंद असेल तर वायू कोंडतो, रस थंडावतो आणि सुरकुत्या पडतात. फार मोकळी असेल तर रस फोमला वळसा घालून पुढे पळतो, फोम आत अडकतो. शिवाय धातू वाळूत शिरतो. घोळाची घनता आणि पातळपणा रोज मोजा, थराची जाडी तपासा. कोटिंग आतपर्यंत कोरडं हवं. राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि भोकं पडतात.

वाळू आणि ओतणं

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत ग्रीन सँडवर हात बसलेल्या माणसाला इथे सवय बदलावी लागते. वाळू पूर्ण कोरडी, धूळ काढलेली आणि थंड केलेली हवी. गरम वाळूत पॅटर्न मऊ पडून वाकडा होतो. धूळ साचली की वायूची वाट बंद होते.

फोम वितळवण्यात उष्णता खर्च होते, म्हणून रस नेहमीच्या ओतकामापेक्षा थोडा जास्त गरम ठेवतात. ओतताना कप सतत भरलेला हवा. धार मधे तुटली तर मोकळ्या झालेल्या जागेत वाळू ढासळू शकते. पेटीला व्हॅक्यूम लावल्यास वायू ओढला जातो, पण अति केलं तर रस कडेकडेने धावतो आणि मधला फोम कोंडतो. धूर अंगावर घेऊ नका. त्यात स्टायरीन आणि बेंझीनसारखे घातक वायू असतात, म्हणून तो ओढून घेण्याची सोय हवीच.

दोष दिसला तर आधी काय तपासाल?

• बिडावर सुरकुत्या: रसाचं तापमान, फोमची घनता, कोटिंगची मोकळीक.
• आत भोकं: ओला पॅटर्न, ओलं कोटिंग, जास्त गोंद.
• वाळू चिकटणं: पातळ किंवा तडकलेलं कोटिंग, सैल वाळू, जास्त व्हॅक्यूम.
• पोलादात कार्बन वाढणं: फोमचा प्रकार आणि वजन. नमुना लॅडलमधून नाही, कास्टिंगच्या पृष्ठभागाजवळून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत नोंद ठेवा. तापमान, कोटिंग आणि व्हॅक्यूम एकाच दिवशी बदललं तर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली, हे कळणार नाही. आणि पुढच्या हीटला तोच दोष परत आला, तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.