आधी चौकी, मग डॉक्टर

आबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चाळीत कुणाचं डोकं फिरलं तर काय व्हायचं हे ते सांगत, तेव्हा त्या गोष्टीत डॉक्टर फार उशिरा यायचा. आधी अंगारा, मग गाणगापूर, मग पोलीस. तळमजल्यावरच्या एका बदली कामगाराची झोप उडाली आणि रात्री गॅलरीत उभा राहून तो जॉबरला शिव्या घालू लागला. चौघांनी धरून नेलं ते चौकीवर. तिथून मॅजिस्ट्रेट, आणि मग ठाण्याचं मनोरुग्णालय. ‘‘गुन्हा काय, तर आजारी पडला,’’ आबा म्हणायचे.

आबांनी कायदा वाचला नव्हता, पण त्यांना तो बरोबर कळला होता. १९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा मनोरुग्णाकडे मुख्यतः बंदोबस्ताची बाब म्हणून पाहत असे. १९४७ च्या जानेवारीत ‘इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी’ स्थापन झाली. तेव्हा देशात मानसोपचारतज्ज्ञ मूठभर. तरीही या मूठभरांनी १९५० मध्ये नव्या कायद्याचा मसुदा तयार करून सरकारकडे धाडला. तो धूळ खात राहिला. मानसिक आरोग्य कायदा संमत झाला १९८७ मध्ये, आणि लागू व्हायला १९९३ उजाडलं. मनोरुग्ण मतपेढी नसतो, त्याचा मोर्चा निघत नाही. त्याच्या बाजूने बोलणारी डॉक्टरमंडळीही अर्ज-विनंत्यांपलीकडे फारशी गेली नाहीत.

कायदा अडला, पण काम अडलं नाही. डॉ. के. आर. मसानी यांनी १९३८ मध्येच जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. पुढे परळच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी विभाग उभारला. पतंजलीच्या योगसूत्रांचा आधार घेणारी उपचारपद्धतीही त्यांनी मांडली. माझी आत्या तेव्हा तिथे परिचारिका होती. ती सांगायची, ‘‘इथे केसपेपर काढला की झालं, मॅजिस्ट्रेट लागत नाही. शेजारी विचारलेच तर सांगायचं, पोटदुखी दाखवायला गेलो होतो.’’ सर्वसाधारण रुग्णालयातल्या त्या रांगेने अनेकांची चौकी चुकवली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली एका दमात मंदावल्या. दारू वाढली, भांडणं वाढली, काहींनी जीव दिला. आबा त्याला आजार म्हणायला तयार नव्हते. ‘‘झोपेची गोळी देतील, पगार कोण देईल?’’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही केसपेपरवर नव्हतं.

याच शहरातला मुंबई पोलिसांचा एक शिपाई. अपघातात डोक्याला मार लागला, मानसिक आजार जडला. बायकोला भाजीच्या गाळ्याचा परवाना हवा होता. त्यासाठी खेटे घालून थकलेल्या त्या माणसाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर अंगावर रॉकेल ओतून घेतलं. तो वाचला, आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणाऱ्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली आरोपी झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. आबांनी पेपरातली बातमी दोनदा वाचून घेतली. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा वैध ठरवलं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असं गृहीत धरणं बंधनकारक झालं. याच कायद्यावर मानसोपचारतज्ज्ञांच्या त्या १९४७ च्या संघटनेने जोरदार हरकती घेतल्या: सर्वसाधारण रुग्णालयांतले विभाग नोंदणीच्या जाचात नकोत, विजेच्या उपचारांवर बंधनं नकोत. पहिली हरकत मला रास्त वाटते, कारण आत्याची ती रांग त्यात आहे. पण ‘रुग्णाचं हित’ आणि ‘डॉक्टरची सोय’ एकाच निवेदनात आली की दोन्ही वेगळी करून वाचावी लागतात. २०१८ च्या जुलैमध्ये, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना, समलैंगिकता हा आजार नाही, असं याच संघटनेने जाहीरपणे सांगितलं. त्यात कुणाचीच सोय नव्हती, म्हणून त्या शब्दाला वजन आलं.

२०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम ३०९ गेलं. मात्र सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न कलम २२६ खाली अजून गुन्हाच आहे. त्या शिपायाने आज महापालिकेच्या दारात रॉकेल ओतून घेतलं तर पोलीस हेच कलम पुढे करू शकतील. डॉक्टरांच्या संघटनेने राजकारणात पडावं की नाही, हा वाद मला पोकळ वाटतो. १९५० पासून ती त्यात आहेच. तिच्या मागण्यांच्या यादीत गोळ्यांइतकाच भाजीच्या गाळ्याचा परवाना येतो का, एवढंच तपासायचं.