पॅकेट (सी-११९)

पॅकेट : दोन प्रोपेलरचे अमेरिकी लष्करी मालवाहू विमान. मेरिलंड राज्यातील हेगर्सटाउनच्या फेअरचाइल्ड कंपनीने ते बांधले. पहिले उड्डाण नोव्हेंबर १९४७ मध्ये झाले. एकूण अकराशेहून अधिक विमाने तयार झाली. ‘पॅकेट’ हे नाव मुळात आधीच्या सी-८२ या विमानाचे; सी-११९ ला अमेरिकेत ‘फ्लाइंग बॉक्सकार’ म्हणत. भारतीय हवाई दलात मात्र ते पॅकेटच राहिले.

मालगाडीच्या डब्यासारखे धड आणि पंखांपासून मागे जाऊन शेपटीला मिळणारे दोन दांडे, अशी त्याची ठेवण. दांड्यांमुळे धडाची मागची बाजू मोकळी राही आणि ट्रक थेट दाराशी लावता येई. हवेतून माल टाकायचा असल्यास ही दारे जमिनीवरच काढून ठेवावी लागत. इंजिने राइट आर-३३५०, प्रत्येकी १८ सिलिंडरांची व सुमारे ३,५०० अश्वशक्तीची. पिस्टन इंजिनाची मजल याच्या फारशी पुढे गेली नाही.

भारतात १९५४ पासून आलेल्या या विमानाची खरी कसोटी लडाखमध्ये लागली. ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तिथे इंजिनाचा जोर घटतो, पंख्याची पकड सैलावते आणि उड्डाणासाठी लांब धाव घ्यावी लागते. उपाय म्हणून अनेक पॅकेटांच्या पाठीवर तिसरे, जेट इंजिन बसवले गेले : आधी वेस्टिंगहाउसचे, नंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेले ऑर्फियस. नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानाचेही इंजिन हेच. पंख्यांचे युग सरत असल्याची याहून बोलकी खूण नसेल. ज्या जेटने पॅकेटला जुने ठरवले, त्याच्याच जोरावर ते डोंगर ओलांडू लागले.

२३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट उतरवले. ही हवाईपट्टी ५,००० मीटरहून उंच आहे. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे झालेल्या छत्रीसैनिकांच्या उतरणीतही पॅकेटे होती. डाकोटा या दुसऱ्या मालवाहू विमानाचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. लडाखच्या चौक्यांना शिधा पुरवणाऱ्या पॅकेटच्या वाट्याला ते आले नाही, हा अन्यायच.

१९८४ पासून एएन-३२ विमाने दाखल होऊ लागली आणि पॅकेट सेवेतून गेले. दौलत बेग ओल्डीची पट्टीही दीर्घकाळ बंद होती. ३१ मे २००८ रोजी, ४३ वर्षांनी, तिथे पुन्हा विमान उतरले. ते एएन-३२ होते, दोन पंख्यांचेच.